फिजी म्हणजे आपल्या सोलापूर शहराएवढा देश, मग रग्बीत मोठ्यांना हरवतात कसं आणि मधेच अडकतात कुठं?

शिट्टीवाले_सर

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका शाळेत पीटी शिकवतो. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत ती रग्बी प्रीमियर लीग झाली ना, ती टीव्हीवर बघून आठवी-नववीची पोरं माझ्या मागं लागली, सर आपण पण रग्बी घेऊ. मला नियम पण धड माहीत नव्हते, बॉल हातानं पुढं टाकायचा नसतो एवढंच माहीत. म्हणलं आधी आपण तरी समजून घ्यावं, म्हणून रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर जुन्या मॅचेस बघायला लागलो आणि डोकं चक्रावलं.

फिजीची लोकसंख्या ९ लाखाच्या आसपास. आपलं सोलापूर शहरच २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखाचं होतं. म्हणजे बाळ्यापासून विजापूर रोडपर्यंत जेवढी माणसं राहतात तेवढा त्यांचा अख्खा देश, आणि ह्यांनी २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये गोल्ड घेतलं, फायनलला ग्रेट ब्रिटनला ४३-७ नं धुतलं, टोकियोत न्यूझीलंडला हरवून परत गोल्ड, पॅरिसला सिल्व्हर. आपण १४० कोटी असून रग्बीत कुठंच नाही ते सोडा.

पण मग १५ जणांच्या वर्ल्ड कपमध्ये हेच फिजी आजपर्यंत एकदाही सेमीफायनलला गेलेलं नाही. तिकडं टोंगा, १ लाख लोकांचा देश, २०११ ला फ्रान्सला १९-१४ नं हरवतो आणि तेच हरलेलं फ्रान्स पुढं फायनल खेळतं, टोंगा घरी जातो. हे नक्की काय गणित आहे? अंगातच असतं, का काही सिस्टिम आहे? आणि सिस्टिम असेल तर एका टप्प्यावर येऊन गाडी का थांबते? कुणी नीट खेळलेलं, फॉलो करणारं असेल तर सांगा.

सेकंड_रो

सर, मी मूळचा आपल्याच गावचा, आता पुण्यात असतो. कॉलेजात चार वर्षं रग्बी खेळलो, सेकंड रोला (आयडीवरून कळलंच असेल), त्यामुळं थोडं लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे सेव्हन्स (ऑलिंपिकला हेच असतं) आणि फिफ्टीन्स (तुम्ही म्हणता तो १५ जणांचा वर्ल्ड कप) हे दोन वेगळे खेळ धरा. ग्राउंड तेवढंच, पण सेव्हन्सला एका बाजूला सातच जण आणि सात-सात मिनिटांचे दोन हाफ. जागाच जागा असते, त्यात ज्याचे पाय जोरात आणि टॅकल बसला असताना, म्हणजे समोरच्यानं धरून पाडताना, एका हातानं बॉल सोडायची, म्हणजे ऑफलोडची सवय ज्याला लहानपणापासून आहे तो राजा. फिजीत पोरं गावच्या मैदानावर, समुद्राच्या कडेला हेच खेळत मोठी होतात. आणि मुख्य म्हणजे टीम छोटी. डझनभर चांगली पोरं आणि एक चांगला कोच असला की काम होतं, खर्च कमी, सगळे देशातच राहतात, महिनोन्‌महिने एकत्र सराव करता येतो.

बेन रायन नावाचा इंग्लिश कोच २०१३ मध्ये तिथं गेला तेव्हा फिजी रग्बीची तिजोरी इतकी रिकामी होती की सुरुवातीचे काही महिने त्याला पगारच नाही. त्यानं काय नवीन आणलं तर फिटनेस आणि खाणंपिणं. सिगाटोका म्हणून वाळूच्या टेकड्या आहेत तिकडं, त्याच्यावर पोरांना पळव पळव पळवलं. खेळ त्यांचाच ठेवला, त्याला हात नाही लावला. रिओचं गोल्ड हे फिजीचं कुठल्याही खेळातलं पहिलं ऑलिंपिक मेडल, आणि त्याच्या आनंदात त्यांच्या रिझर्व्ह बँकेनं चक्क ७ डॉलरची नोट काढली, त्या नोटेवर टीम आणि कोच दोन्ही. टोकियोच्या वेळी कोविडमुळं विमानं बंद होती तर ही टीम फ्रोझन मासे नेणाऱ्या मालवाहू विमानात बसून गेली आणि गोल्ड घेऊन आली.

आता फिफ्टीन्स. इथं मॅचला २३ जण लागतात आणि त्यातले पुढचे आठ, फॉरवर्ड्स म्हणतो आपण, हे कारागीर लोक असतात. प्रॉप, हुकर, लॉक. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांत डोकी अडकवून ढकलतात, तिथं नुसती ताकद चालत नाही, मान कुठल्या कोनात, पाय किती मागं, बाजूच्याला कसं बांधून धरायचं, हे शिकायला वर्षं जातात. पंचविशीच्या आधी चांगला प्रॉप क्वचितच तयार होतो. असे प्रॉप तयार करायला दर आठवड्याला तगडी मॅच पाहिजे, आणि ती फिजीत नव्हती. मग काय, ज्याला जमलं तो फ्रान्सला, इंग्लंडला, जपानला. पगार तिकडं, घर चालतं, चूक त्यांची नाही. पण नॅशनल टीम कधी भेटणार, तर टूरच्या आधी जेमतेम काही दिवस. कोच तोपर्यंत कुणाला भेटलेलाच नसतो. सेव्हन्सची टीम वर्षभर एकत्र आणि फिफ्टीन्सची टीम एअरपोर्टवर एकत्र, एवढाच फरक आहे तुमच्या प्रश्नात.

हे बदललं २०२२ ला. फिजियन ड्रुआ नावाची टीम सुपर रग्बीत घेतली, म्हणजे न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या क्लबांबरोबर दर आठवड्याला मॅच. पहिला सीझन तर कोविडमुळं बहुतेक ऑस्ट्रेलियातच मुक्काम करून काढला. पण दुसऱ्याच वर्षी लाउटोकाला घरच्या पब्लिकसमोर क्रुसेडर्सला २५-२४ नं हरवलं, क्रुसेडर्स म्हणजे त्या लीगमधले सगळ्यात जास्त वेळा चॅम्पियन. आणि त्याच २०२३ मध्ये नॅशनल टीमचे रिझल्ट बघा, ऑगस्टमध्ये ट्विकनमला जाऊन इंग्लंडला ३०-२२, सप्टेंबरमध्ये वर्ल्ड कपला ऑस्ट्रेलियाला २२-१५. ऑस्ट्रेलियाला ह्याच्याआधी हरवलं होतं १९५४ ला! पोरं तीच, ड्रुआमुळं एकमेकांची सवय झाली. क्वार्टर फायनलला इंग्लंडकडून २४-३० हरले, पण ती मॅच बघा एकदा, शेवटच्या दहा मिनिटांच्या आधी स्कोअर बरोबरीत होता.

त्यामुळं माझं मत, टॅलेंट छोट्या देशांत आधीपासून आहे. कमी पडतो तो कॅलेंडर. कुणाबरोबर, किती वेळा खेळायला मिळतं.

चादर_नगरी

एवढं मोठं कोण वाचणार बे 😄 वाचलं तरी.

पण खरं सांगू का, कॅलेंडर वगैरे नंतर. ते आयलंडवाले अंगापिंडानंच तसे आहेत. मांड्या बघा त्यांच्या. आपली पोरं शेंगाचटणी-कडक भाकरी खाऊन किती फुगणार? सर उगं पोरांना मोडून घेऊ नका, खो-खो भारी आहे आपला.

सेकंड_रो

हे अंगापिंडाचं सगळे म्हणतात. मग जपानचं काय करायचं?

१९९५ चा वर्ल्ड कप, ब्लूमफाँटेन, न्यूझीलंड १४५ जपान १७. टायपिंग मिस्टेक नाही, एकशेपंचेचाळीस. त्यानंतर वीस वर्षं जपान म्हणलं की लोक हाच स्कोअर सांगायचे. आणि १९ सप्टेंबर २०१५ ला ब्रायटनला त्याच जपाननं साउथ आफ्रिकेला ३४-३२ नं हरवलं, जी टीम तेव्हा दोनदा वर्ल्ड चॅम्पियन झालेली होती. जपानी लोकांची उंची काय वीस वर्षांत वाढली का?

एडी जोन्स कोच होता. त्यानं आधी मान्य केलं की आपण लहान आहोत, धडक दिली की मरणार. मग लहान माणसाला जे जमतं त्याच्यावर काम. टॅकल एकदम खाली, गुडघ्याजवळ, आणि एकाला दोघं. बॉल जमिनीवर गेला की दुसऱ्या क्षणाला बाहेर, म्हणजे समोरच्या जाडजूड माणसाला उठून उभं राहायला वेळच नाही. पहाटे पाचला सराव चालू, दिवसात तीन-तीन, चार-चार सेशन. आणि स्क्रमसाठी वेगळा फ्रेंच कोच, मार्क डाल मासो, कारण लहान टीमनं स्क्रम घालवला की बाकी प्लॅन कागदावर राहतो. मॅचच्या शेवटी तीन पॉइंटनं मागं होते, पेनल्टी मिळाली, गोलपोस्टमध्ये मारली असती तर मॅच ड्रॉ. साउथ आफ्रिकेबरोबर ड्रॉ म्हणजे जपानला सणच होता. कॅप्टन मायकल लीच म्हणला नाही, स्क्रम घ्या. आणि त्याच्यातून हेस्केथनं कोपऱ्यात ट्राय टाकला, म्हणजे बॉल त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडं टेकवला.

मोठ्या टीमसमोर स्क्रम मागायची हिंमत चार वर्षांच्या सरावातून येते, नुसती जिद्द म्हणून नाही येत.

(आणि कडक भाकरीला नाव ठेवू नका ओ, पुण्यात मिळत नाही धड.)

होटगी_रोड

मी कबड्डीवाला आहे, रग्बी कधीतरी बघतो. पण हा ३४-३२ आकडा बघून हसू आलं. २०१६ चा कबड्डी वर्ल्ड कप, अहमदाबाद, पहिलीच मॅच, साउथ कोरिया ३४ भारत ३२! सेम टू सेम. तेव्हा आमच्या मंडळात सगळ्यांनी तोंडं पाडली होती. पुढं आपणच कप जिंकला, फायनलला इराणला ३८-२९, पण दोनच वर्षांत जकार्ता एशियन गेम्सच्या सेमीफायनलला इराणनं आपल्याला २७-१८ नं घरी पाठवलं.

ही पोरं शिकली कुठं? आपल्याच प्रो कबड्डीत. जांग कुन ली बंगालकडून खेळून खेळून तयार झाला, फझल अत्राचलीला तर आपल्या रेडर लोकांच्या सगळ्या खोडी पाठ. म्हणजे सेकंड रो जे सांगतोय ते बरोबर वाटतं, मोठ्यांच्या लीगमध्ये रोज खेळलं की फरक कमी होतो. पण मला उलटी बाजू पण दिसते. कबड्डीत आपण न्यूझीलंड. आपल्यातल्या किती जणांना मनापासून वाटतं की केनियाला, इराणला जास्त मॅचेस द्याव्यात, त्यांचा खेळ वाढावा? फेडरेशनचं सोडा, आपण प्रेक्षक तरी. रग्बीतल्या मोठ्यांना शिव्या देण्याआधी हे पण बघावं.

अक्कलकोट_नाका

होटगी रोड साहेबांचा मुद्दा नाकाला झोंबला पण बरोबर आहे.

मी धंद्यानं हिशेबवाला माणूस, म्हणून पैशाचं बोलतो, कारण वरती सगळं सराव आणि कॅलेंडरवर चाललंय आणि कॅलेंडर कोण बनवतो ह्यावर कुणी बोलत नाही.

टेस्ट मॅच (रग्बीत दोन देशांच्या मॅचला टेस्टच म्हणतात) ज्याच्या घरी, तिकिटाचा गल्ला त्याचा, ही जुनी पद्धत. ट्विकनमला ८२,००० माणसं बसतात. २०१७ ला सामोआ तिथं खेळायला गेलं तेव्हा इंग्लंडच्या प्रत्येक खेळाडूला एका मॅचचे २२,००० पौंडाच्या आसपास आणि सामोआच्या खेळाडूला साडेसहाशे, असं सगळ्या पेपरात छापून आलं होतं. त्याच महिन्यात सामोआचे पंतप्रधान जाहीर बोलले की आमची युनियन, म्हणजे देशाची रग्बी संघटना, दिवाळखोर झाली. इंग्लंडच्या युनियननं मग सद्‌भावना म्हणून ७५,००० पौंड दिले, म्हणजे दान दिलं, गल्ल्यातला हिस्सा नाही दिला. दान आणि हिस्सा ह्यात फरक असतो. ऐंशी मिनिटं समोर उभी राहणारी टीम नसती तर तिकीट कशाचं विकलं असतं?

आणि परतीची भेट? ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडच्या टीमचा, निम्मा इतिहास सामोअन वंशाच्या खेळाडूंनी घडवलाय, आणि ऑल ब्लॅक्स सामोआत, आपियाला, पहिली टेस्ट कधी खेळले तर २०१५ ला. २५-१६ स्कोअर, म्हणजे काही एकतर्फी मॅच नव्हती.

मतांचं पण तसंच. वर्ल्ड रग्बी ही जगाची संघटना, तिच्या कौन्सिलमध्ये मोठ्या युनियन्सना प्रत्येकी तीन मतं, छोट्यांना एक, बऱ्याच जणांना तर आपापल्या खंडाच्या संघटनेमार्फतच आवाज. २०२० ला चेअरमनची निवडणूक झाली, अर्जेंटिनाचा पिचोट छोट्यांचं बोलत होता, २८-२३ नं पडला. आपल्याकडं सोसायटीच्या निवडणुकीत पण एक सभासद एक मत असतं राव.

आता २०२६ पासून नेशन्स चॅम्पियनशिप म्हणून नवीन स्पर्धा, १२ टीम, सिक्स नेशन्स ह्या युरोपातल्या स्पर्धेच्या सहा, दक्षिणेच्या चार (न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, साउथ आफ्रिका, अर्जेंटिना), आणि जपान, फिजी. फिजी आत गेलं, चांगलंच झालं. बाकीच्यांना खालच्या स्पर्धेत टाकलं आणि वर यायचा दरवाजा उघडणार २०३० ला. चार वर्षं कुलूप. सामोआच्या, जॉर्जियाच्या आत्ता पंचवीस वर्षांच्या पोरानं काय करायचं तोपर्यंत?

शिट्टीवाले_सर

बापरे, एवढं सगळं. धन्यवाद मंडळी, पोरांपेक्षा मीच जास्त शिकायलोय.

एक शंका. टोंगाच्या २०२३ च्या टीममध्ये मला ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला फोलाऊ आणि ऑल ब्लॅक्सकडून खेळलेले दोन-तीन जण दिसले. एका देशाकडून खेळून दुसऱ्याकडून कसं चालतं? आणि एवढे मोठे मोठे प्लेयर असून टोंगा त्या वर्ल्ड कपला मार का खाल्ला?

सेकंड_रो

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये नियम बदलला सर. आधी एकदा एका देशाची कॅप घातली की कायमचा तिकडं. म्हणजे न्यूझीलंडनं एखाद्या टोंगन पोराला एक-दोन मॅच खेळवून बाजूला ठेवलं तर तो टोंगाला कायमचा गेला. आता तीन वर्षं इंटरनॅशनल खेळला नाही तर एकदाच देश बदलता येतो, पण तो स्वतः तिथं जन्मलेला पाहिजे किंवा आईवडील, आजीआजोबा तिथले पाहिजेत. फोलाऊ ऑस्ट्रेलियाकडून ७३ टेस्ट खेळलेला, फेकिटोआ, पियुटाऊ, मोआला हे ऑल ब्लॅक्स. सामोआनं सोपोआगा आणि फाउमुइनाला आणलं.

टोंगाचं काय झालं तर आयर्लंडकडून ५९-१६, स्कॉटलंडकडून ४५-१७, साउथ आफ्रिकेकडून ४९-१८. जिंकले फक्त रोमानियाशी. ग्रुप वाईट पडला हे खरंच, पण नावं मोठी आणि एकत्र सराव नाही, ह्याचं हे सरळ उदाहरण. त्याच्या शेजारी पोर्तुगाल ठेवा. नावं कुणालाच माहीत नाहीत. आधी दुबईत अमेरिकेबरोबर वेळ संपल्यावर सॅम्युएल मार्केसनं पेनल्टी मारून १६-१६ ड्रॉ केला आणि पॉइंटच्या फरकावर वर्ल्ड कपला पोचले, ३३ कोटींची अमेरिका घरी. मग टुलूझला फिजीला २४-२३ नं हरवलं, शेवटी शेवटी मार्तानं ट्राय आणि त्याच्यावर किक परत त्याच मार्केसची. वर्ल्ड कपमधला त्यांचा पहिला विजय. लाजिस्के नावाचा फ्रेंच कोच चार वर्षं त्याच पोरांना घेऊन बसला होता, बॉल विंगला लवकर पोचवायचा एवढा एकच धंदा.

चादर_नगरी

मग लोकसंख्येचा संबंधच नाही म्हणा ना. न्यूझीलंड पण ५० लाखाचाच देश आणि तीन वर्ल्ड कप.

अक्कलकोट_नाका

तेच. वेल्स पण ३१ लाखाचं. त्यांना कुणी छोटा देश म्हणत नाही कारण ते जन्मापासून वाड्याच्या आत आहेत. जॉर्जिया ३७ लाखाचा, तो बाहेर उभा. २०२२ ला जॉर्जियानं बातुमीत इटलीला २८-१९ हरवलं, नोव्हेंबरमध्ये कार्डिफला जाऊन वेल्सला १३-१२. तरी सिक्स नेशन्समध्ये जागा नाही, कारण तिथून कुणी खाली जात नाही आणि कुणी वर येत नाही, ती स्पर्धा म्हणजे सहा युनियन्सची खाजगी मालमत्ता आहे. इटली त्या स्पर्धेत सलग ३६ मॅच हरली तरी जागेवर.

सेकंड_रो

इथं मी जरा वेगळं म्हणतो. इटलीला काढून जॉर्जियाला घ्या, हे बोलायला सोपं आहे. इटली २००० ला आत आली आणि मार खात खातच शिकली, २०२२ ला कार्डिफलाच २२-२१ नं ती ३६ ची साखळी तुटली, आणि २०२४ ला फ्रान्सशी १३-१३ ड्रॉ, स्कॉटलंडला ३१-२९, वेल्सला २४-२१. म्हणजे वीस-बावीस वर्षं लागली फळ यायला. दहाव्या वर्षी बाहेर काढली असती तर आज इटलीचं रग्बी संपलेलं असतं. मी तर म्हणतो जॉर्जियाला पण आत घ्या, सातवी टीम म्हणून, आणि त्यांना पण वीस वर्षं द्या.

जॉर्जियाचं मला विशेष वाटतं ते असं की त्यांनी एकच गोष्ट धरली. स्क्रम. त्यांच्याकडं लेलो बुर्ती म्हणून जुना गावखेळ आहे, दोन गावं नाहीतर एका गावाचे दोन भाग एकाच बॉलसाठी भिडतात, शुखुटी गावात अजून ईस्टरला खेळतात आणि तिथला बॉल १६ किलोचा असतो! टीमचं नाव पण त्याच्यावरूनच, लेलोज. असल्या गावातून प्रॉप निघणार नाहीत तर काय. फ्रान्सच्या क्लबांत जॉर्जियन प्रॉप सगळीकडं, आणि २०१८ ला तर इंग्लंडनं स्वतःच्या स्क्रमला धार लावायला जॉर्जियाची टीम सरावाला बोलावून घेतली. सरावाला चालतात, टेबलावर चालत नाहीत.

पण एकाच गोष्टीवर राहिलं की ती गोष्ट समोरच्यानं थोपवली की संपलं. २०२३ ला पोर्तुगालनं १८-१८ ला अडवलं. आता निनियाश्विलीसारखा पळणारा फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागचा खेळाडू, त्यांच्याकडं आला म्हणून मागची फळी पण सुधारतेय.

अक्कलकोट_नाका

सातवी टीम घेतली की वाटणी सात जणांत होते साहेब. म्हणून नाही घेत. मालकीतला १४ टक्क्यांच्या आसपास हिस्सा तर २०२१ ला त्यांनी इन्व्हेस्टमेंट कंपनीला विकलाय, आता कोण नवीन भागीदार घेणार. बाकी वीस वर्षं द्या हे पटलं. पण वेल्सला मात्र कुणी विचारत नाही हे बघा, २०२३ ते २०२५ सलग १८ टेस्ट हरले.

होटगी_रोड

२०२७ च्या वर्ल्ड कपला २४ टीम होणार म्हणे, ह्यानं काही होईल का? का नुसते मोठे स्कोअर बघायचे?

सेकंड_रो

ऑस्ट्रेलियात आहे तो. सहा ग्रुप, प्रत्येकी चार टीम, मग सोळा जणांचा नॉकआउट. जागा वाढल्या हे चांगलं, चिलीसारख्याला दर वेळी जीव टांगणीला लावून यावं लागणार नाही (अमेरिकेला दोन मॅचमध्ये मिळून एका पॉइंटनं हरवून आले होते ते २०२३ ला). पण मोठे स्कोअर होणारच. २००३ ला ऑस्ट्रेलियानं नामिबियाला १४२-० मारलं होतं, वीस वर्षांनी फ्रान्सनं नामिबियाला ९६-०. नामिबिया आजपर्यंत वर्ल्ड कपची एक मॅच जिंकलेला नाही. चार वर्षांत एकदा बोलवायचं आणि मधे कुणी विचारायचं नाही, तर वेगळं काय होणार.

त्यात वेळापत्रकाची गंमत असते. २०१५ ला जपान ब्रायटनला शनिवारी जीव तोडून खेळला आणि बुधवारी परत स्कॉटलंडसमोर उभा, स्कॉटलंडची ती पहिलीच मॅच, ताजेतवाने. ४५-१० हरले. ग्रुपमध्ये तीन मॅच जिंकून क्वार्टर फायनलला न जाणारी ती पहिली टीम. २०२३ ला विश्रांतीचे दिवस वाढवले, टीम ३३ जणांची केली, तेव्हा कुठं जरा बरं झालं. आणि २०१९ ला घरी वर्ल्ड कप, नीट विश्रांती, आधी चार वर्षं सुपर रग्बीत सनवुल्व्हज म्हणून टीम, तर ह्याच जपाननं आयर्लंड १९-१२, स्कॉटलंड २८-२१, चारच्या चार मॅच जिंकून क्वार्टर फायनल. कॅलेंडर म्हणतोय मी ते हेच.

शिट्टीवाले_सर

मस्त चर्चा. आता माझ्या कामाचं विचारतो. ग्राउंड आमचं मुरमाचं आहे, गवत नावाला. पोरं खो-खो खेळणारी, वजन चाळीस-पंचेचाळीस किलो, चपळ आहेत. टॅकल लगेच शिकवायचा का? पालक भांडायला येतील.

सेकंड_रो

मुरमावर टॅकल अजिबात नको सर, कोपर-गुडघे सोलून निघतील. टच रग्बीनं सुरू करा, हात लागला की थांबायचं, बॉल मागच्याला द्यायचा. पहिले दोन-तीन महिने फक्त पळता पळता दोन्ही बाजूंना पास, मागं बघून. खो-खोवाल्या पोरांना दिशा बदलणं शिकवायला लागत नाही, उलट त्यांना पास देणं शिकवायला लागेल, कारण बॉल हातात आला की एकटंच पळत सुटतात. टॅकल शिकवायचा झाला की मऊ मातीची जागा बघा, कुस्तीचा आखाडा मिळाला तर उत्तम, आणि गुडघ्यावर बसूनच सुरुवात, डोकं समोरच्याच्या मागच्या बाजूला, कमरेच्या वर हात नाही. पालकांना एकदा बोलवून दाखवाच, न दाखवता केलं तर भांडणारच.

बॉल चार नंबरचा घ्या, पाच नंबर त्या हातांना मोठा पडतो. दाखवायला मॅचेस म्हणाल तर रिओची फायनल आणि ब्रायटनची शेवटची दहा मिनिटं.

चादर_नगरी

आणि १४५-१७ पण दाखवा सर, पोरांना कळू दे.

शिट्टीवाले_सर

ते आधीच दाखवलं 😄 एक पोरगं म्हणलं, सर, ते १७ पॉइंट कसे काय केले असतील ओ. बरं, आखाड्याचं बघतो, आमच्या शाळेमागं एक तालीम आहे, वस्तादांना विचारतो सकाळची मोकळी वेळ असेल तर. कुणाकडं जुने चार नंबरचे बॉल पडून असतील तर मेसेज करा, शाळेचं बजेट मार्चशिवाय उघडत नाही.

होटगी_रोड

मेसेज केलाय सर. दोन आहेत, एकाचा ब्लॅडर बदलावा लागेल.